वरपित्याचे चार शब्द

मुलाचे लग्न आठ दिवसांवर आले होते आणि बंगळूरच्या जयनगरात राहणारे माझे मामा फुलस्केप कागद पुढ्यात घेऊन बसले होते. होणारी सून कन्नड घरातली. तिच्या वडिलांनी आग्रहाने सुचवले होते, "जेवणाआधी तुम्ही चार शब्द बोला." मामा बँकेतले निवृत्त अधिकारी, टिपणे लिहिण्यात हातखंडा. पण मसुदा वाचताना मला हसू आवरेना. मुलाची दहावीची टक्केवारी, इंजिनिअरिंग, कंपनी, परदेशवाऱ्या!

"मामा, हे भाषण आहे की नोकरीचा अर्ज? यात मुलीकडच्यांचं नावच नाही."

"त्यांचं काय सांगू? जेवण छान होतं म्हणू?" मामा चिडले.

दोष त्यांच्या एकट्याचा नाही. आपल्या लग्नात वरपित्याने बोलायचे असते तरी कुठे? सीमांतपूजनाला मान घ्यायचा, पंगतीत आग्रह करून घ्यायचा. कन्यादानाच्या वेळी 'नातिचरामि' म्हणून वचन देतो तो नवरदेव. पुढे झाल येते. दिवे लावलेली टोपली वराकडच्या एकेकाच्या डोक्यावर ठेवतात, आमची लेक सांभाळा म्हणून विनवतात, मुलीच्या आईचा आवाज भरून येतो. आणि वराकडची वडीलधारी मंडळी? गप्प! वरपित्याचे भाषण म्हणजे, मला वाटते, त्या विनवणीला द्यायचे राहून गेलेले उत्तर.

म्हणून सुरुवात मुलीच्या आईवडिलांपासून करावी. तीही गुणगौरवाने नव्हे, त्यांच्या घरी स्वतः पाहिलेल्या एखाद्या गोष्टीने. 'सून नव्हे, मुलगीच नेतोय' हे वाक्य इतके झिजले आहे की वगळलेलेच बरे. 'आम्ही हुंडा घेतला नाही' हेही नको. 1961 च्या कायद्याने तो गुन्हा आहे. गुन्हा केला नाही याचा डांगोरा कसला पिटायचा? कागदाची एक बाजू, फार तर तीन मिनिटे. पाने वाढलेली असताना याहून लांबवले तर पाहुणे ऐकत नाहीत, भाताकडे बघतात.

मामांना हे पटले, तरी कागद कोराच राहिला. कारण मामींनी स्वयंपाकघरात हळूच सांगितले. आठवड्यापूर्वी मानपानाच्या कपड्यांवरून मामा फोनवर मुलीच्या वडिलांना नको ते बोलून गेले होते. पलीकडून एवढेच आले, "आयितु, तुम्ही म्हणाल तसं." त्यानंतर दोघांत कामापुरतेच बोलणे.

कल्याण मंटपात केळीची पाने मांडली गेली आणि मामा उठले. इंजिनिअरिंग नाही, पगार नाही. ते म्हणाले, "मी पहिल्यांदा यांच्या घरी गेलो तेव्हा मला साखर चालत नाही हे कुणीतरी यांना सांगितलं होतं. माझ्यासाठी वेगळा कप येईल असं वाटलं. त्या दिवशी त्या घरात सगळ्यांनीच बिनसाखरेची कॉफी घेतली. आमची सून या घरात वाढली आहे." मुलीची आई पदराचे टोक बोटाला गुंडाळत राहिली.

मग मामांनी खिशातून चिठ्ठी काढली. जयनगरात तीस वर्षे काढूनही त्यांचे कन्नड भाजीवाल्यापुरतेच. अडखळत दोन वाक्ये वाचली आणि चिठ्ठी घडी घालत व्याह्यांकडे बघून म्हणाले, "तप्पायितु, क्षमिसि." चुकलो, क्षमा करा.

पाहुणे खळखळून हसले. त्यांना वाटले, मामा आपल्या मोडक्या कन्नडबद्दल माफी मागताहेत.

व्याही हसले नाहीत. वाढप्याच्या हातातली परात घेऊन ते पंगतीतून मामांपाशी आले आणि त्यांच्या पानात होळिगे वाढली, आपल्याकडची पुरणपोळीच ती. अर्धीच वाढली.