तीस हजारांची सूट, दहा लाखांचा भुर्दंड

मा. गव्हर्नर,
भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई



चाकण-भोसरी पट्ट्यात मी गृहकर्जाच्या फायली करून देतो. गिऱ्हाईक पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, बिल्डरचं कोटेशन अशी जाडजूड पिशवी घेऊन येतं. बँक त्यातलं काहीही बघण्याआधी पॅन नंबर टाकून सिबिल, म्हणजे पतमाहिती ब्युरोचा रिपोर्ट आणि स्कोअर, काढते. स्कोअर साडेसातशेच्या वर असला की ‘चहा घेणार?’, साडेसहाशेच्या खाली असला की ‘कळवतो’. रिझर्व्ह बँकेनं किमान स्कोअर ठरवून दिलेला नाही, असं सरकारनं २०२५ मध्ये संसदेत सांगितलं. काउंटरवर ते कुणी मानत नाही. कर्ज नाकारल्याचं कारण लेखी द्यायचं, हा तर तुमचाच जुना नियम. पण तसं पत्र हाती पडलेला माणूस क्वचितच भेटतो.

एका कारखान्यातल्या फिटरचं उदाहरण देतो. कोविडमध्ये पगार थांबला आणि पर्सनल लोनचे ऐंशी हजार थकले. वसुलीवाल्याचा फोन आला : ‘पन्नास भरा, विषय संपवा.’ गड्यानं बहिणीकडून उसने घेऊन भरले. ‘फुल अँड फायनल’ असं इंग्रजी पत्र मिळालं, ते त्यानं लॅमिनेट करून ठेवलंय. माझ्यापुढे ते त्यानं अभिमानानं ठेवलं. रिपोर्टमध्ये मात्र त्या खात्यापुढे ‘सेटल्ड’ असा शेरा होता. म्हणजे पैसे पूर्ण आले नाहीत, उरलेल्या रकमेवर बँकेनं पाणी सोडलं. हा शेरा वर्षानुवर्षं पुसला जात नाही.

बँकेनं त्याला गृहकर्ज द्यायला नकार दिला. एक हाउसिंग फायनान्स कंपनी ११ टक्क्यांनी द्यायला तयार झाली. चांगल्या स्कोअरवाल्याला साडेआठनं मिळालं असतं. पंचवीस लाख, वीस वर्षं. हप्त्यात महिन्याला सुमारे ४,१०० रुपयांचा फरक, म्हणजे मुदतभरात जवळपास दहा लाख. तीस हजारांच्या सुटीचे दहा लाख! फोनवरच्या पोरानं एवढं सांगितलं असतं तर त्यानं बायकोची बोरमाळ मोडून उरलेले तीस हजार भरले असते.

बँकांनी सावध राहू नये, असं माझं म्हणणं नाही. पैसा ठेवीदारांचा असतो; २०१९ मध्ये पैसे अडकलेल्या पीएमसी बँकेच्या ठेवीदारांचे हाल मुंबईनं पाहिलेत. कर्ज बुडवणाऱ्याला व्याज जास्त लागलं तर तक्रार नाही. पण तडजोडीच्या पत्रावर पुढचा परिणाम मराठीत, ठळक अक्षरांत छापायला आणि बाकी रक्कम नंतर भरून खातं ‘क्लोज्ड’ करून घ्यायची वाट खुली ठेवायला बँकेचं काय जातं? एवढी सक्ती तुम्हीच करू शकता.

आता ज्यांची चूकच नाही त्यांचं. कुणाचं फेडलेलं कर्ज चालूच दिसतं, कुणाच्या नावावर दुसऱ्याचंच खातं चढलेलं असतं. तक्रार केली की ब्युरो बँकेकडे बोट दाखवतो, कारण बँकेनं दुरुस्त केल्याशिवाय त्याला आकडा बदलता येत नाही. इकडे इसार दिलेला असतो, साठेखताची तारीख टळते आणि बिल्डर फ्लॅट दुसऱ्याला दाखवायला लागतो.

कर्ज फिटल्यावर घराची मूळ कागदपत्रं बँकेनं तीस दिवसांत परत दिली नाहीत तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, असं तुम्ही सप्टेंबर २०२३ मध्ये ठरवलंत. उत्तम केलंत. त्यानंतर दीड महिन्याच्या आत दुसरं परिपत्रक आलं : पतमाहितीची तक्रार तीस दिवसांत सुटली नाही तर दिवसाला भरपाई १०० रुपये. ज्याचं घर झालंय त्याच्या कागदांना पाच हजार आणि ज्याचं घर चुकीच्या नोंदीपायी अडलंय त्याला शंभर, हा हिशेब कुठल्या टेबलावर झाला? शंभर रुपयांत बँकेतली कुठलीच फाइल हलत नाही. गृहकर्जाचा अर्ज अडलेला असेल तिथे तरी हा आकडा पाच हजार करा.

आपला,
भोसरीतील एक कर्ज सल्लागार