हजेरीपटावर आता सही नाही

जागतिक बँक, आशियाई विकास बँक आणि जपानची जायका यांची दिल्लीतील कार्यालये, त्यांच्या पैशावर चालणारे राज्यातील प्रकल्प कक्ष आणि या दोघांच्या मध्ये उठबस करणाऱ्या आमच्याच स्वयंसेवी संस्था, या तिघांसाठी हा जाहीर इशारा आहे. मुदत येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेपर्यंत. तोवर प्रकल्पाची कागदपत्रे मराठीत गावात पोहोचली नाहीत, तर ‘सल्लामसलत’ म्हणून भरवलेल्या एकाही बैठकीच्या हजेरीपटावर आमची सही होणार नाही. पूर्वी घेतलेल्या सह्यांचा वापर संमती म्हणून झाला असेल, तर त्या आम्ही लेखी मागे घेऊ.

या बैठका कशा होतात ते ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पंचायत समितीचे सभागृह, मागे फ्लेक्स. वेळ अकराची, साहेब साडेबाराला येतात. दारातच टेबल आणि त्यावर हजेरीपट: नाव, गाव, मोबाइल नंबर, सही. आत काय सांगणार आहेत हे कळायच्या आधीच सही झालेली असते. बायकांची संख्या कमी भरली की बचत गटाच्या अध्यक्षांना आणि अंगणवाडी सेविकांना फोन जातात. सल्लागार कंपनीचा पोरगा लॅपटॉप उघडतो, पडद्यावर इंग्रजी तक्ते येतात. मागून कोणी ‘मराठीत सांगा’ म्हणाले तर साहेब दोन वाक्यांत उरकतात, ‘तुमच्या फायद्याचीच योजना आहे.’ एखादी बाई नकाशाकडे बोट करून विचारते, आमची विहीर या रेघेच्या अलीकडे की पलीकडे? ‘ताई, ते नंतर डिटेलमध्ये बघू.’ मग मसालेभात, जिओ-टॅग फोटो आणि जो तो आपल्या एसटीला. पुढे केव्हातरी इंग्रजी अहवालाच्या परिशिष्टात तोच फोटो झळकतो आणि खाली लिहिलेले असते की उपस्थितांनी प्रकल्पाला पाठिंबा दर्शवला. ताईंच्या विहिरीचा प्रश्न इतिवृत्तात कुठेच नसतो. त्यांची सही मात्र असते.

हे आता बंद होणार आहे.

आम्ही मेहरबानी मागत नाही. जागतिक बँकेची पर्यावरण व सामाजिक चौकट ऑक्टोबर २०१८ पासून लागू आहे. तिच्यातले दहावे मानक सांगते की प्रकल्पाची माहिती बाधितांना वेळेत, त्यांच्या भाषेत आणि त्यांना समजेल अशा रीतीने दिली पाहिजे. नियम बँकेचा, कर्जाच्या करारात तो मान्य करणारे सरकार आमचे आणि फेड आमच्या करातून. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी २०१८ मध्ये ४२ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर झाले, शेतमाल व्यवसायाच्या ‘स्मार्ट’ प्रकल्पासाठी त्यानंतर २१ कोटी. त्यात कोणी दान घातलेले नाही. एवढ्या रकमेत मराठी भाषांतराची तरतूद करता आली नाही, हे कारण यापुढे कोणी आमच्यासमोर सांगू नये.

ज्यांना वाटते की चार झोळीवाले काय करणार, त्यांनी नंदुरबारकडे पाहावे. १९८५ साली जागतिक बँकेने सरदार सरोवरासाठी ४५ कोटी डॉलर मंजूर केले, तेव्हा अक्कलकुवा आणि अक्राणी या तालुक्यांतल्या ३३ गावांना कोणी विचारायला गेले नव्हते. पैसा कुठून येतो आणि तो देणाऱ्याने स्वतःसाठी काय नियम लिहून ठेवलेत, याचा माग त्या गावांनी आणि त्यांच्यासोबतच्या कार्यकर्त्यांनी काढला. १९८९ मध्ये मेधा पाटकर अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीपुढे साक्ष देऊन आल्या. तिकडे जपानमधल्या संस्थांनी आपल्या सरकारला धरले आणि १९९० मध्ये जपानने टर्बाइनसाठीचे पुढचे कर्ज थांबवले. १९९१ मध्ये बँकेला ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतःचीच स्वतंत्र चौकशी लावावी लागली. जून १९९२ मध्ये मोर्स यांनी अहवाल दिला: आहे त्या परिस्थितीत सर्व विस्थापितांचे पुनर्वसन शक्य नाही, बँकेने एक पाऊल मागे घ्यावे. बँकेने तरीही सहा महिन्यांची सवलत दिली. अखेर मार्च १९९३ संपता संपता भारत सरकारनेच उरलेले कर्ज नको असे कळवले. त्याच वर्षी सप्टेंबरात बँकेच्या संचालक मंडळाने इन्स्पेक्शन पॅनेल स्थापन केले. बाधित माणसाला थेट बँकेविरुद्ध दाद मागता येईल असे ते पहिले दार होते. पुढच्या वर्षी ४४ देशांतल्या ३०० हून अधिक संस्थांनी मोठ्या धरणांच्या कर्जाविरुद्ध जाहीरनामा काढला. त्याला नाव दिले मणिबेलीचे, धरणाच्या पाण्यात आधी गेलेल्या आपल्या अक्कलकुवा तालुक्यातल्या गावाचे.

यातला कडू भागही सांगितला पाहिजे, नाहीतर आमचेच लोक उगाच हुरळून जातील. बँक गेली, धरण थांबले नाही. देशातल्या पैशावर ते १३८.६८ मीटरपर्यंत चढले आणि सप्टेंबर २०१७ मध्ये त्याचे लोकार्पणही झाले. पैसे देणारा निघून गेला की त्याच्या नियमांचा दोरही आपल्या हातून सुटतो. म्हणून ‘पैसे घेऊन परत जा’ अशी घोषणा आम्ही देत नाही. पैसे ठेवा आणि त्यासोबत सही केलेले नियम पाळा, एवढेच आमचे म्हणणे आहे. हे घोषणेपेक्षा जास्त अडचणीचे ठरेल, याची आम्हाला कल्पना आहे.

अडचण कशी होते ते मुंबईने पाहिले आहे. मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पासाठी २००२ मध्ये बँकेने ५४ कोटी २० लाख डॉलर दिले. रस्ते आणि रेल्वेसाठी हलवलेली माणसे सुमारे १ लाख २० हजार. कुर्ल्याच्या दुकानदारांना आणि इतर रहिवाशांना बैठकांमधून उत्तर मिळेना, तेव्हा २००४ मध्ये ते इन्स्पेक्शन पॅनेलकडे गेले. २००५ च्या अखेरीस पॅनेलने अहवाल दिला. बाधितांची संख्या आधी कमी धरली गेली होती, दुकानदारांच्या रोजीरोटीचा विचार पुरेसा झाला नव्हता. १ मार्च २००६ पासून बँकेने रस्ते आणि पुनर्वसन यांचे पैसे थांबवले. राज्य सरकारने अटींची पूर्तता सुरू केल्यावर जूनअखेर ते सुटले. मंत्रालयात कोणाच्या दारात बसून जे झाले नव्हते, ते पैशाचा नळ चार महिने बंद राहिल्यावर झाले.

त्याच अहवालात आमच्या लोकांना झोंबेल असे एक निरीक्षण होते. पुनर्वसनाची जबाबदारी स्वयंसेवी संस्थांवर टाकली गेली आणि ती पेलण्याइतकी क्षमता त्यांच्याकडे नव्हती. माझे म्हणणे याच्याही पुढचे आहे. जी संस्था घराची चावी वाटते, यादीत नाव घालते आणि त्याच कामाचे बिल प्रकल्पाला लावते, तिच्या विरुद्ध तक्रार करायला झोपडीतला माणूस कोणाकडे जाणार? आणि तीच संस्था दिल्लीच्या हॉटेलात ‘नागरी समाज’ अशी पाटी समोर ठेवून बसली, तर तिथे लोकांच्या बाजूने बोलायला उरले कोण?

म्हणून आता आपल्या घरच्यांना इशारा.

तुमची ओढाताण आम्हाला ठाऊक आहे. परदेशी देणग्यांच्या कायद्यात सप्टेंबर २०२० मध्ये बदल झाले आणि मोठ्या संस्थेने छोट्या संस्थेला परदेशी पैसा पुढे देण्याची वाटच बंद झाली. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० वर आली. १ जुलै २०२५ रोजी यूएसएडचा कारभार अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात विरघळला, आणि ब्रिटनने २०२७ पर्यंत आपली मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ वरून ०.३ टक्क्यांवर आणायचे जाहीर केले आहे. जगभर देणाऱ्यांचा हात आखडतो आहे आणि तालुक्याच्या संस्थेत मार्चचा पगार जूनमध्ये होतो. अशा वेळी प्रकल्प कक्षाकडून गटबांधणीचे, प्रशिक्षणाचे, सर्वेक्षणाचे काम मिळाले तर ते घ्यावेच लागते. घ्या. त्यात लाज नाही.

पण ज्या प्रकल्पाचे बिल लावता, त्याच प्रकल्पाच्या सल्लामसलतीत लोकांचे प्रतिनिधी म्हणून बसू नका. बसायचेच असेल तर आधी उभे राहून सांगा की आमची संस्था या कामाचे इतके पैसे घेते. हे जी संस्था करणार नाही, तिचे नाव, काम आणि रक्कम २६ जानेवारीनंतर आम्ही त्या त्या ग्रामसभेत वाचून दाखवू. माहिती अधिकारात हे सगळे मिळते. कोणाच्या पोटावर पाय द्यायचा आमचा हेतू नाही. पण एकाच माणसाने ठेकेदारही व्हायचे आणि पंचही, हे चालणार नाही.

पैसे देणाऱ्यांनी आणि प्रकल्प कक्षांनी काय करायचे ते थोडक्यात असे. बैठकीच्या किमान ३० दिवस आधी बाधित क्षेत्राचा नकाशा, पुनर्वसनाच्या तरतुदी आणि तक्रारीची पद्धत मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली पाहिजे. आदिवासी पाड्यांवर ही माहिती तिथल्या बोलीत वाचून दाखवली गेली पाहिजे. हजेरी आणि सहमती यांचे कागद वेगळे हवेत. इतिवृत्त बैठक संपण्याआधी मोठ्याने वाचावे आणि सही त्यानंतर घ्यावी. विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला प्रश्नकर्त्याच्या नावानिशी लेखी उत्तर द्यावे, मग तो प्रश्न एका विहिरीचा का असेना. दिल्लीत वर्षातून एकदा निवडक संस्थांना बोलावून चहापान करण्याची जी रीत आहे, तिच्याबद्दल काही मागणे नाही. ती आम्ही सल्लामसलत मानत नाही, इतके कळवून ठेवतो.

हे झाले नाही तर काय, हेही स्पष्ट असू द्या. इन्स्पेक्शन पॅनेलकडे जायला वकील लागत नाही. बाधित क्षेत्रातली दोन माणसे पुरतात. अर्ज मराठीत चालतो आणि मागितल्यास नावे गुप्त राहतात. मार्च २०२० नंतर मंजूर झालेल्या कर्जांबाबत, कर्ज बंद झाल्यावरही १५ महिन्यांपर्यंत हे दार उघडे असते. आशियाई विकास बँकेची तक्रार यंत्रणा आहे, आशियाई पायाभूत सुविधा गुंतवणूक बँकेची (एआयआयबी) आहे, जायकाची हरकत पद्धत आहे. न्यायालयाची वाट लांबची आहे. गुजरातेतल्या मुंद्राच्या मच्छीमारांनी २०१९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातून जागतिक बँक गटातल्या आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाचे खटल्यांपासूनचे निरपवाद कवच काढून घेतले, पण पुढे खालच्या न्यायालयांत त्यांचा दावा टिकला नाही. म्हणून आम्ही आधी पॅनेलकडे जाणार, आणि एका प्रकल्पावर थांबणार नाही.

पॅनेल पहिला प्रश्न हा विचारते की तुम्ही आधी बँकेला कळवले होते का? तेव्हा गावागावांतल्या मंडळींना विनंती, या इशाऱ्याचा धागा धरून आपल्या भाषेत एक पानी पत्र लिहा. गाव, गट नंबर, प्रकल्पाचे नाव, कोणत्या तारखेच्या बैठकीत काय विचारले आणि काय उत्तर मिळाले किंवा मिळाले नाही, इतके पुरे. एक प्रत प्रकल्प कक्षाला, एक बँकेच्या दिल्ली कार्यालयाला स्पीड पोस्टने पाठवा आणि दोन्ही पावत्या जपून ठेवा.