बांधलेल्या जीवाचा हक्क

घराच्या राखणीसाठी म्हणून आरमोरीतही आता लॅब्राडॉर, जर्मन शेफर्डची पिल्लं येऊ लागली आहेत. मग तक्रार सुरू होते: पोळीला तोंड लावत नाही, चिकनच मागतो.

आपल्याकडे वाद रंगतो तो कुत्रा पाळावा की नाही यावर. राखण, शिकार, गुरंढोरं यांसाठी हदीसमध्ये मुभा आहे. पण मांजर बांधून उपाशी मारणाऱ्या बाईला शिक्षा झाल्याची हदीसही बुखारी शरीफमध्येच आहे. बांधलेल्या जीवाचा घास ही आपल्याकडची अमानत आहे.

म्हणून फाजील लाड नकोत, मारझोडही नको. ठरल्या वेळी भांडं ठेवा, वीस मिनिटांनी उचला. मधे बिस्किटं देऊ नका. पारा ४५ अंशांवर गेला की पहाटे आणि रात्री खाऊ घाला. मोठ्या जातीचं पिल्लू साधारण दीड वर्ष वाढतं. स्वतःच्या मनाने कॅल्शियम दिलंत तर हाडं बिघडतात. शिजवलेली हाडं, कांदा, मनुकाही नकोत. दिवसभर काहीच खाल्लं नाही, उलट्या झाल्या, सुस्त पडलं तर त्याला नखरा समजू नका. गोचिडांमुळे येणारा तापही भूक मारतो. लगेच जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा.

एवढं जमणार नसेल, तर पिल्लू आणूच नये. हौस आपली आणि उपास त्याचा, हा न्याय नव्हे.