विजळी गेली कुठे?

वाचकहो, समुद्रात जहाजं गडप होतात, अमुक त्रिकोणात गेलेलं परत येत नाही, असल्या गोष्टी जेवणं झाल्यावर ओसरीत बसून ऐकायला मोठ्या गोड लागतात. आपल्या बारामती-इंदापूरहून समुद्र लांब, म्हणून तर त्या जास्तच रंगतात. पण अशी एक गोष्ट आपल्या मुंबईच्या वाटेवर खरोखरच घडली आहे.

८ नोव्हेंबर १८८८ रोजी ‘वैतरणा’ नावाची आगबोट कच्छमधल्या मांडवीहून मुंबईला निघाली. तिच्यावर विजेचे दिवे होते, त्या काळी मोठी अपूर्वाई. म्हणून लोक तिला ‘विजळी’ म्हणत. (वैतरणा म्हटल्यावर आपली म्हातारी माणसं कानाला हात लावतील, पण ती आपल्या नाशिककडून वाहणारी नदीही आहे.) बोटीवर लग्नाची वऱ्हाडं होती, मॅट्रिकच्या परीक्षेला निघालेली पोरं होती, सगळी मिळून सातशेवर माणसं. द्वारका झाली. पोरबंदरला हवा बिघडल्यामुळे थांबता आलं नाही. पुढे मांगरोळच्या आसपास ती जी दिसेनाशी झाली, ती झालीच. शोधायला बोटी धाडल्या, पण माणूस नाही की देह नाही. तिचा सांगाडा आजही सापडलेला नाही.

यात भुताटकी शोधायला नको. अरबी समुद्रात पावसाळ्याच्या आधी आणि नंतर वादळं उठतात, आणि नोव्हेंबर त्यातलाच. बोट १७० फूट लांब, रुंदीला जेमतेम २६. बिनतारी यंत्र तेव्हा निघालंच नव्हतं. हाक मारणार कशी? पुढे चौकशी झाली, तेव्हा जीवरक्षक होड्या आणि पट्टे पुरेसे नव्हते असं निघालं. मला तर सगळ्या गूढापेक्षा हीच गोष्ट अधिक टोचते.

मग देह कसे मिळाले नाहीत? त्याचं उत्तर आपल्या उजनीत आहे. २१ मे २०२४ ला संध्याकाळी करमाळ्याच्या कुगावहून आपल्या इंदापूरच्या कळाशीला येणारी बोट वाऱ्याने उलटली. सहा जण गेले, एक पोहून कडेला आला. देह हाती लागायला २३ मे उजाडला. बुडालेला देह आधी तळाला जातो आणि आत वायू धरला की वर येतो. पाणी गरम असेल तर लवकर. धरणाला कड आहे, म्हणून तो सापडतो. समुद्रात तेवढ्या वेळात प्रवाह त्याला कुठल्या कुठे नेतो. उजनीतला एक जण वाचला म्हणून काय झालं ते कळलं. विजळीवरचं सांगायला कोणी उरलंच नाही.

आणि वळवाचं वारं पावसाच्या आधी येतं, हे शेतकऱ्याला मी काय सांगावं! पत्रे उडवणारं तेच वारं उघड्या पाण्यावर, ना झाड ना बांध, सरळ बोटीच्या अंगावर येतं. मावळतीला आभाळ काळवंडलं की कडेलाच थांबा, बोटवाला कितीही ओळखीचा असला तरी. आणि पट्टा बोटीत नुसता पडून नको. बसण्याआधी तो अंगात घालून बांधा, पोरांना आधी.