उलव्याचं मंदिर, रेमंडचं कापड: राग नेमका कोणावर?

उलव्यात तिरुपती बालाजी मंदिरासाठी राज्य सरकारने १० एकर जागा दिली. जून २०२३ मध्ये भूमिपूजन झालं. बांधकामाचा खर्च उचलण्याची तयारी रेमंड समूहाचे गौतम सिंघानिया यांनी दाखवली. जागा किनाऱ्यालगतची असल्याने पर्यावरणप्रेमींनी विरोध केला.

हा विरोध पटणाऱ्यांनी रेमंडचं कापड घेणं थांबवावं का? थांबवता येईल. पण जागा आणि परवानग्या सरकारच्या हातात. दुकानातला राग तिथवर पोहोचणं अवघड. २०२० मध्ये तनिष्कने वादग्रस्त जाहिरात मागे घेतली, कारण ती कंपनीचीच होती. आणि २०१९ मध्ये सर्फ एक्सेलच्या होळीच्या जाहिरातीवर चिडलेल्या काहींनी चक्क मायक्रोसॉफ्ट एक्सेलच्या अ‍ॅपला एक स्टार दिला होता!