हिमनग आणि आपली नदी

देखाव्याचें चित्र काढावयास सांगितलें, कीं आमच्या मुलांच्या बहुतेक कागदांवर एकच देखावा उमटतो: दोन त्रिकोणी डोंगर, त्यांमध्यें उगवता सूर्य, खालीं निळी नदी आणि बाजूस नारळाचें झाड. कित्येकदां त्या डोंगरांवर पांढरें बर्फही असतें! ठाणें-कल्याणकडील मुलांनीं हें बर्फ कोठें पाहिलें?

बर्फाचें चित्र काढूं नये, असें आमचें म्हणणें नाहीं. अमेरिकन चित्रकार फ्रेडरिक चर्च ह्यांनीं १८५९ सालीं उत्तरेकडील समुद्रांत जाऊन हिमनग पाहिले व १८६१ मध्यें 'हिमनग' हें भव्य चित्र लोकांपुढें ठेविलें. पुढें त्यांनीं त्यांत एक मोडकी डोलकाठी घातली. त्यांच्याही पूर्वीं, १८२३-२४ मध्यें, जर्मन चित्रकार कास्पार डाव्हिड फ्रीडरिश ह्यांनीं 'बर्फाचा समुद्र' रंगविला. त्यांत बर्फाच्या लाद्या एकीवर एक चढून आकाशाकडे उभ्या आहेत आणि त्यांच्या आड चिरडलेलें गलबत अगदीं लहान दिसतें. मनुष्याचें साहस केवढें आणि सृष्टीचें सामर्थ्य केवढें, हें दोन्ही चित्रांत एका शब्दावांचून कळतें.

परंतु फ्रीडरिश ध्रुवप्रदेशास कधींच गेले नव्हते. ड्रेस्डेन ह्या आपल्या राहत्या शहरीं एल्ब नदींतील बर्फ फुटलें, तेव्हां त्यांनीं त्या लाद्यांचीं चित्रें काढून ठेविलीं. लहानपणीं त्यांचा एक भाऊ बर्फ फुटून बुडाला होता. अर्थात् ती नदी त्यांच्या नजरेंतली होती आणि तें भय त्यांच्या घरचें होतें. म्हणूनच न पाहिलेला समुद्रही त्यांच्या हातीं खरा उतरला.

आमच्या मुलांस असें कांहीं नाहीं काय? २६ जुलै २००५ रोजीं उल्हास नदीनें कल्याण-बदलापुरास वेढिलें, तें पुष्कळ पालकांनीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. पावसाळ्यांत ढगांत बुडणारा मलंगगड व ओहोटीस उघडा पडणारा खाडीचा चिखल हे तर नित्याचे आहेत. हिमनगापुढें जो धाक वाटतो, तोच आषाढांतील उल्हासच्या कांठीं वाटतो. मात्र तेथें क्षणभर उभें राहिलें पाहिजे.

म्हणून पालकांस आमची विनंति आहे, कीं त्यांनीं मुलांस नदीकांठीं न्यावें, पुराची हकीकत सांगावी. आणि मुलानें नदी गढूळ व आकाश काळें रंगविलें, तर "निळा रंग लाव" म्हणून त्याचा कुंचला अडवूं नये. कदाचित् त्या दिवशीं त्याच्या कागदावर पहिल्यानेंच खरी नदी आली असेल.