होडीला क्रमांक, संकेतस्थळाला मुखवटा?

१८ ऑगस्ट २०२२. दहीहंडीच्या आदल्या दिवशी श्रीवर्धन तालुक्यात हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक बेवारस नौका लागली. आत तीन एके-४७ रायफली आणि काडतुसे! रायगडच्या किनारपट्टीच्या काळजाचा ठोका चुकला. याच तालुक्यातील शेखाडीत १९९३ साली स्फोटके उतरली होती आणि १२ मार्चच्या मुंबईतील स्फोटांत २५७ जणांचे प्राण गेले होते. ती जखम येथे कोणीही विसरलेले नाही.

मात्र त्याच दिवशी तत्कालीन उपमुख्यमंत्री व गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधिमंडळात खुलासा केला. नौकेचे नाव ‘लेडी हान’, मालक एक ऑस्ट्रेलियन महिला. मस्कतहून युरोपकडे जाताना इंजिन बिघडले, माणसे वाचवली गेली आणि नौका वाहत आली. नौकेला नाव होते, नावामागे मालक होता, म्हणून काही तासांत भय ओसरले.

आता दुसऱ्या प्रकारच्या नौकेकडे वळू. ती समुद्रातून येत नाही, आंतरजालावरून येते. सुट्ट्या लागल्या की पुण्या-मुंबईची कुटुंबे नागाव, काशीद, दिवेआगर येथील घरगुती निवास शोधू लागतात. कोणी भामटा खऱ्या घराची छायाचित्रे उचलून खोटे संकेतस्थळ उभारतो आणि आगाऊ रक्कम मागतो. शनिवारी संध्याकाळी मुलाबाळांसह कुटुंब दारात उभे राहते, तेव्हा घरमालकाला त्याचा पत्ताच नसतो. कुटुंबाचे पैसे जातात आणि निरपराध घरमालकाचे नाव बदनाम होते.

या संकेतस्थळाचा धनी कोण? एकेकाळी हे विचारण्याची सोय होती. संकेतस्थळाच्या नावाची नोंदणी करताना द्यावे लागणारे नाव, पत्ता, दूरध्वनी ‘हूइज’ नावाच्या जाहीर नोंदवहीत कोणालाही पाहता येत असे. २५ मे २०१८ रोजी युरोपीय संघाचा माहिती-संरक्षण कायदा लागू झाला. त्याच्या आठच दिवस आधी, जगभरच्या या नावांची व्यवस्था पाहणाऱ्या ‘आयकॅन’ या अमेरिकास्थित संस्थेने व्यक्तिगत तपशील झाकण्याचे अंतरिम नियम केले. कायदा युरोपचा, पण नोंदणीदार कंपन्यांनी पडदा ओढला तो साऱ्या जगावर! झाकलेली माहिती मागण्यासाठी नोव्हेंबर २०२३ मध्ये आयकॅनने एक यंत्रणा सुरू केली. पण तीत सहभागी होणे कंपन्यांच्या मर्जीवर ठेवले. आपल्या पोलिसांनी परदेशी कंपनीच्या दारात ताटकळावे, हे सार्वभौम राष्ट्राला शोभणारे नाही.

तरीही ‘सारे पुन्हा उघडे करा’ ही मागणी आम्ही करणार नाही. दोन खोल्या भाड्याने देणाऱ्या नागावच्या एखाद्या भगिनीने घरचा पत्ता आणि भ्रमणध्वनी क्रमांक जगजाहीर का करावा? उघड्या नोंदवहीच्या काळात नवे नाव नोंदवताच विक्रेत्यांचे दूरध्वनी आणि नूतनीकरणाची खोटी देयके सुरू होत. भामटा तर तेव्हाही खोटाच पत्ता लिहीत असे; उघडा पडे तो प्रामाणिक माणूस. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत अधिकार मानला, तो योग्यच होता. घराच्या उंबरठ्याची मर्यादा आपल्या संस्कृतीनेही जपली आहे.

मग मार्ग कोणता? तो आमच्या कोळी बांधवांनी केव्हाच दाखवला आहे. २६/११ नंतर मासेमारी नौकांच्या नोंदणीवर कटाक्ष आला, मच्छीमारांना ओळखपत्रे मिळाली. होडीवर क्रमांक ठळक रंगवलेला असतो, तांडेलच्या घरचा पत्ता नव्हे. पत्ता मत्स्यव्यवसाय खात्याच्या दप्तरी असतो आणि अधिकार असलेल्यालाच तो पाहता येतो. गरीब दर्यावर्दी देशासाठी ही शिस्त पाळतो. मग संकेतस्थळावर पैसे घेणाऱ्याला वेगळा न्याय का?

नाव देताना ओळख पडताळावी. व्यवसायाचे नाव व कार्यालयाचा पत्ता उघड असावा, व्यक्तीचे घर झाकलेले राहावे. पोलीस आणि न्यायालय यांना ठरलेल्या मुदतीत माहिती मिळावी. मात्र ती कोणी, कशासाठी पाहिली याचीही नोंद राहावी, म्हणजे अधिकाराचा गैरवापर होणार नाही. २०२३ च्या आपल्या माहिती-संरक्षण कायद्यात गुन्ह्याच्या तपासासाठी सवलत आहेच. ‘डॉट इन’ची व्यवस्था भारतीय संस्थेच्या, ‘निक्सी’च्या हाती आहे, तेथे हा आदर्श घालून द्यावा आणि आयकॅनच्या व्यासपीठावर तो ठामपणे मांडावा. रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’वर येण्यास सांगितले, ते याच दिशेचे पाऊल आहे.

शासन करील तेव्हा करील. आपण पैसे पाठवण्यापूर्वी गावातील परिचिताकडे चौकशी करावी आणि फसवणूक होताच १९३० वर कळवावे. किनाऱ्यावरील सुशिक्षित तरुणांनी गावच्या घरमालकांना ‘डॉट इन’ अथवा देवनागरीतील ‘डॉट भारत’ नाव स्वतःच्या नावे नोंदवून घेण्यास साह्य करावे. शेखाडीच्या अनुभवाने किनारा डोळ्यांत तेल घालून राखायला शिकवले. आता या दुसऱ्या किनाऱ्यावरही तीच जाग हवी.